घरात सिलिअ‍ॅक निघाला तर: गोव्यातल्या स्वयंपाकघरासाठी पायरी-पायरीने

माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे हे ती सहा वर्षांची असताना कळले. त्याआधीची दोन वर्षे जंताचे औषध, लोहाचे टॉनिक आणि काढलेल्या दृष्टी यांत गेली. पोट घागरीसारखे, हातपाय काड्या, आणि आदल्या वर्षीचा गणवेश या वर्षीही अंगाला नीट बसायचा. तेव्हा त्याचा अर्थ आम्हाला कळला नाही.

निदान झाले त्या दिवशी मला वाटले, आपण शीत-कडी (भात-आमटी) खाणारी माणसे, आपल्याला गहू सोडणे काय जड? पंजाबातल्या आईला अवघड जाईल, फोंड्यातल्या आईला कसले? माझा हा समज चुकीचा होता आणि त्याचे सहा महिने मुलीने भोगले. पाव एका दिवसात बंद होतो. पण हिंगातून, माशाच्या रव्यातून, गिरणीतून आणि तव्यावरून पोटात जाणारा गहू सापडायला फार वेळ लागतो. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

आजार थोडक्यात असा. गहू, बार्ली आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. ज्यांना सिलिअ‍ॅक आहे त्यांच्या पोटात ते गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. आतड्याच्या आत मखमलीसारखी बारीक लव असते, तिच्यातून अन्न अंगी लागते. ती लव झिजून सपाट होते. मूल जेवते, पण जेवण अंगी लागत नाही. कुणाला जुलाब होतात, कुणाला बद्धकोष्ठ, कुणाचे हिमोग्लोबिन वर्षानुवर्षे वर येत नाही, कुणाची उंची थांबते, आणि कुणाला पोटाचा काहीच त्रास नसतो. औषध नाही. ग्लुटेन जन्मभर बंद, हाच उपचार.

१. तपासणी पुरी होईपर्यंत गहू बंद करू नका

ही पायरी मुद्दाम पहिली ठेवली आहे. आमच्या एका नातेवाइकाने सांगितले, "पाव-चपाती बंद करून बघ, फरक पडेल." आम्ही बंद केली. फरक पडलाही. पण तीन महिन्यांनी रक्त तपासले तेव्हा आकडा अधांतरी आला, ना धड हो ना धड नाही. गहू बंद केला की रक्तातली अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीने तयार केलेले, तपासणीत मोजले जाणारे प्रथिन) उतरू लागते आणि आतडेही भरून येऊ लागते, मग आजार असूनही तपासणीत नीट दिसत नाही. डॉक्टरांनी पुन्हा आठ आठवडे रोज गहू द्यायला सांगितला. बरे वाटू लागलेल्या पोरीला आपल्याच हाताने पाव भरवायचा आणि रात्री तिचे पोट शेकत बसायचे, हे आठ आठवडे मी कुणावर येऊ देणार नाही.

तपासणीचा क्रम साधारण असा असतो:

- रक्ताची टीटीजी-आयजीए तपासणी (या आजारात वाढणारी अँटिबॉडी), आणि त्याच रक्तात एकूण आयजीए (त्या प्रकारच्या सगळ्या अँटिबॉडी मिळून). दुसरी विसरू नका. काही जणांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असते, त्यांची पहिली तपासणी खोटी 'नॉर्मल' येते.
- पोटविकारतज्ज्ञाकडून एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आत बघणे. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून चार-सहा बारीक तुकडे काढून तपासतात, तीच बायोप्सी. लहान मुलांना गुंगी देऊन करतात, मुलाला दुखत नाही. आईबापांच्या जिवाला मात्र घोर लागतो.
- काही मुलांत अँटिबॉडी मर्यादेच्या दहापटीहून जास्त असते. अशा वेळी दुसऱ्या एका रक्त तपासणीच्या आधारे एंडोस्कोपी टाळता येते. पण हे डॉक्टरांनी ठरवायचे, आपण नाही.

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा किंवा खासगी डॉक्टरांकडे, सोबत इतके न्याच: लसीकरणाचे कार्ड, आतापर्यंतचे सगळे रक्ताचे अहवाल, आणि वजन-उंचीच्या जुन्या नोंदी. मी अंगणवाडी आणि शाळेतून मिळालेले आकडे एका चौकटीच्या कागदावर मांडून नेले होते. चार वर्षांपर्यंत चढत गेलेली रेघ पुढे आडवी पडलेली होती. दोन वर्षे तोंडाने सांगून जे कुणाला पटले नव्हते ते त्या कागदावर डॉक्टरांना एका नजरेत दिसले.

एक सावधगिरी. शंभर पदार्थांची 'फूड इन्टॉलरन्स' तपासणी घरी येऊन करून देतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. त्या आयजीजी चाचण्यांवरून सिलिअ‍ॅक कळत नाही.

२. नेमके काय आहे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या

गव्हाची ॲलर्जी वेगळी: तीत पित्त उठते, ओठ सुजतात, दम लागतो, तेही खाल्ल्यावर लगेच. ग्लुटेन सहन न होणे आणखी वेगळे: त्रास होतो, पण सिलिअ‍ॅकच्या तपासण्या स्वच्छ येतात आणि आतड्याला इजा दिसत नाही. त्याची वेगळी रक्त तपासणी नाही. आधी बाकीचे आजार नाहीत हे ठरवावे लागते. फरक महत्त्वाचा आहे, कारण नुसते सहन न होणाऱ्याने कधी चुकून थोडे खाल्ले तर एक दिवस पोट बिघडते. सिलिअ‍ॅकवाल्याचे आतडे, वरून काही दिसले नाही तरी, आत झिजते. तुमच्या घरात यातले काय आहे ते ठरल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांना अर्थ नाही.

३. गहू कुठे कुठे लपतो ते शोधा

आधी चांगली बातमी. उकडे तांदूळ, पेज, घावणे, आंबोळी, सान्नां (तांदळाच्या इडल्या), तांदळाची आणि नाचणीची भाकरी, फोव (पोहे), साबुदाणा, वरी, सगळ्या डाळी, अळसांदे (चवळी), नारळ, मासळी, अंडी, भाज्या, फळे. यातल्या कशातही ग्लुटेन नाही. नाचणी तर घरात हवीच: १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आणि या मुलांची हाडे आधीच उपाशी असतात.

आता लपलेला गहू.

हिंग. आम्हाला सर्वांत जास्त छळले ते यानेच. हिंगाची डबी उलटी करून घटक वाचा. बाजारातल्या बहुतेक हिंगात डिंकाबरोबर गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो, कारण शुद्ध हिंग इतका उग्र की तसाच वापरता येत नाही. म्हणजे वरणाची फोडणी, लोणचे, पापड, फरसाण, सगळीकडे चिमूट चिमूट गहू. सहा महिने काटेकोर पथ्य पाळूनही मुलीचा आकडा उतरेना, तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी घरातली एकेक डबी टेबलावर मांडायला लावली. पिवळी डबी पाचवी होती. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो वापरा, किंवा सोडूनच द्या. आमच्याकडे आता लसणीची फोडणी असते, आणि तिरफळे घातलेल्या पदार्थाला हिंगाची गरज कधी नव्हतीच.

माशाचा रवा. इसवण असो की बांगडा, रव्यात घोळून तळणे ही आपल्या हाताची सवय झालेली असते. घरी तांदळाच्या पिठात घोळा, कुरकुरीत होतो. बाहेरचा तळलेला मासा मात्र विसरा. तुमच्या तुकड्याला रवा लावू नका म्हणून सांगितले तरी त्याच तव्यावर, त्याच तेलात आधीचे वीस तुकडे रव्याचे तळलेले असतात.

माल्ट. हे बार्लीपासून करतात. दुधात घालायच्या बहुतेक तपकिरी पावडरी, पुष्कळशा कॉर्नफ्लेक्स, काही चॉकलेटे. मक्याचे आहे म्हणून निर्धास्त राहू नका, घटकांत माल्ट दिसले की परत ठेवा. मोठ्या माणसांसाठी: बियर बार्लीची, ती बंद. काजूची फेणी आणि हुर्राक यांत धान्य नसते.

बाकीचे भराभर: सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणून गाड्यावरचे चायनीज नाही. ओट्समध्ये शेतापासून कारखान्यापर्यंत गहू मिसळलेला असतो, म्हणून साधे ओट्स नाहीत. तयार मसाल्यांत कधी पीठ भरतीला असते. बेबिंका मैद्याची. दोदोल तांदळाच्या पिठाचा करतात, तरी विकतचा असेल तर विचारा. मणगणे (चणाडाळीची खीर) निर्धास्त खा. गाड्यावरची मिरची भजी बेसनाची खरी, पण त्याच तेलात समोसा तळलेला असतो.

पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' लिहायचे तर आपल्याकडच्या नियमाने एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. पाकिटाच्या मागे घटकांच्या खाली ॲलर्जीची ओळ असते, गहू किंवा ग्लुटेनयुक्त धान्य असेल तर ते तिथे सांगावे लागते. मी दर वेळी वाचते, नेहमीचेच पाकीट असले तरी, कारण कंपनी घटक बदलते आणि कुणाला कळवत नाही.

औषधांनाही हे लागू आहे. गोळी बांधायला कधी गव्हाचा स्टार्च वापरतात. फार्मसीत नवे औषध घेताना विचारा, आणि डॉक्टरांना दर वेळी आजाराची आठवण द्या.

४. गिरणीचा प्रश्न आधी सोडवा

तांदूळ घरचे, धुऊन वाळवलेले, आणि दळायला नेले कोपऱ्यावरच्या गिरणीत. तिथे तुमच्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात. जात्यात, पिशवीत, हवेतही तेच पीठ. सकाळी पहिला नंबर लावला म्हणून जाते स्वच्छ होत नाही, आदल्या रात्रीचे पीठ आत असतेच.

तीन मार्ग आहेत. घरगुती गिरण घ्या आणि तिच्यात गहू कधीही घालू नका. किंवा तांदूळ भिजवून, निथळून, सावलीत वाळवून मिक्सरवर दळा आणि बारीक चाळा, पातोळ्या-मोदकांना हे पीठ उत्तम लागते. किंवा 'ग्लुटेन फ्री' छापलेले पीठ आणा. आम्ही वर्षभर मिक्सरवर काढले, मग गिरण घेतली. नाचणीही पाकिटातली असो की बाजारातली सुटी, आधी ताटात पसरून निवडा. मला तिच्यात गव्हाचे दाणे सापडले आहेत.

५. स्वयंपाकघराची वाटणी करा

वेगळ्या लागणाऱ्या वस्तू: तवा (बिडाचा किंवा नॉनस्टिक, दोन्ही पीठ धरून ठेवतात), पोळपाट-लाटणे, लाकडी डाव, चाळणी, पीठ मळायची परात, तळणीची कढई आणि तेल, टोस्टर, लोणी-जॅमची बरणी. स्टीलची पातेली, इडलीपात्र, ताटे-वाट्या घासूनपुसून सगळ्यांची एकच चालतात. घाबरून सगळे घर नवे घेऊ नका.

मी मुलीच्या वस्तूंच्या मुठीला लाल दोरा बांधला. चिठ्ठ्या धुतल्यावर निघतात आणि कामाला येणाऱ्या मावशींना वाचता येत नसेल तर उपयोगाच्या नाहीत. लाल दोरा सगळ्यांना कळतो, आजीलाही, चार वर्षांच्या भाच्यालाही.

क्रम ठेवा: तिचे आधी शिजते, झाकून वरच्या फळीवर जाते, मग बाकीच्यांच्या चपात्या. कणीक मळताना उडालेले पीठ उघड्या भांड्यात बसते, म्हणून आमच्याकडे कणीक मागच्या पडवीत मळतात. लोण्याच्या डब्यात पाव लावलेली सुरी एकदा गेली की तो डबा तिच्यासाठी संपला.

घरातून पाव पूर्ण हद्दपार करावा का? आम्ही पहिले चार महिने केला. पहाटे पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकला की मुलगी उठून बसायची, आणि आम्ही कुणी दार उघडायचो नाही. एक दिवस तिने विचारले, "माझ्यामुळे आजीला पोळी मिळत नाही ना?" (पोळी म्हणजे पोदेराकडच्या पावाचाच एक प्रकार.) त्या दिवसापासून पाव परत सुरू केला. तो झाकणाच्या डब्यात, पडवीत, वेगळ्या टेबलावर खातात आणि हात धुऊन आत येतात. माझ्या मते मूल कळते झाले असेल तर हेच बरे. रांगणारे असेल तर घर पूर्ण बिनगव्हाचे ठेवा, कारण ते खाली पडलेला चुरा उचलून तोंडात घालते.

६. 'एवढ्याशाने काय होतंय' याला उत्तर तयार ठेवा

हे वाक्य तुम्हाला शेकडो वेळा ऐकावे लागेल, आणि बोलणारी माणसे प्रेमाची असतील. मी आकडा सांगते. पावाच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम ग्लुटेन असते. रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेले तरी आतड्याला इजा होते, असे अभ्यासात दिसले आहे. म्हणजे स्लाइसचे चाळीस तुकडे करा, त्यातला एक.

सासूबाईंना आकड्यांनी पटले नाही, गोष्टीने पटले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धात, हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेना. विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांना आधीपासून संशय होता, तो तेव्हा बळावला: या आजाराची मुले दुष्काळात सुधारली आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही हिला खाऊ घालून घालूनच..." मी त्यांचा हात धरला. कुणाला ठाऊक होते? दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून हिंगाची डबी शेजारी देऊन टाकली.

७. घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासा

आजार रक्ताच्या नात्यात फिरतो. आई-वडील आणि सख्खी भावंडे यांच्यात दहातल्या एकाला तो निघू शकतो, पोटाचा त्रास नसला तरी. माझ्या नवऱ्याचे हिमोग्लोबिन कायम कमी, लोहाच्या गोळ्या दहा वर्षे चालू. मुलीच्या निदानानंतर तपासले तर त्यालाही सिलिअ‍ॅक. इथेही पहिली पायरी लागू आहे: तपासणीआधी कुणीही गहू सोडायचा नाही.

तपासणी स्वच्छ आली तरी मुलांची पुढे काही वर्षांनी पुन्हा करावी लागते, हा आजार कोणत्याही वयात उमटतो. एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकांची तपासणी आहे. ती दोन्ही नसतील तर आजार होण्याची शक्यता जवळजवळ नाही, त्या भावंडाला पुन्हा पुन्हा टोचावे लागत नाही. असली तर मात्र घाबरू नका. ती पुष्कळ लोकांत असतात आणि त्यातल्या थोड्यांनाच आजार होतो. ज्यांना टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा आजार आहे अशा नातेवाइकांना आधी पाठवा.

८. शाळेला लेखी द्या

मध्यान्ह आहारात भाजी-पाव ठरलेला. तोंडी सांगून भागत नाही, शिक्षिका बदलतात. डॉक्टरांच्या लेटरहेडवर चार ओळी घ्या: आजाराचे नाव, काय चालत नाही, डबा घरचा, चुकून खाल्ले तर काय करायचे. एक प्रत वर्गशिक्षिकेला, एक मुख्याध्यापकांना, एक आहार वाटणाऱ्या ताईंना. खेळायची रंगीत कणीकही गव्हाची असू शकते, बालवाडीत हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

वर्गात वाढदिवस असतो तेव्हा केक येतो. मी बाईंकडे कपाटात एक डबा ठेवला आहे, चिक्की आणि शेंगदाण्याचे लाडू असलेला. केक वाटताना बाई तो उघडतात.

९. सण, लग्न, जत्रा

गोव्यातली दिवाळी या आजारासाठीच जणू बेतली आहे: दुधातले फोव, रोसातले (नारळाच्या दुधातले), गुळातले, ताकातले. एकही बाद नाही, फक्त फोडणीचा हिंग बघा. चवथीला पातोळ्या, मोदक आणि खतखते चालते. नेवऱ्यांचे (करंज्यांचे) आवरण मैद्या-रव्याचे, म्हणून तेच सारण मी तांदळाच्या उकडीत भरून वाफवते. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. भटजींना आधी सांगून आम्ही तिच्यासाठी पंचखाद्याची वेगळी वाटी नैवेद्याला ठेवतो. प्रसाद नाकारायचा हे मनाला लागते, तिला नाकारावा लागू नये एवढेच बघायचे. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी: कम्युनियनचा ओस्तिया गव्हाचा असतो, पण अगदी कमी ग्लुटेनचा चर्चला चालतो, पाद्रींशी आधीच बोला.

लग्नात पंगतीत सर्वांत आधी बसवा, ताट घरून न्या, आचाऱ्याकडून फक्त साधा भात घ्या. त्या भाताचा डाव दुसऱ्या कशात घातलेला नाही हे डोळ्यांनी बघा. हॉटेलात मालकाशी नाही, आत रांधणाऱ्या माणसाशी बोला, आणि 'ग्लुटेन' हा शब्द वापरू नका. मी मराठी-कोंकणी चिठ्ठी पर्समध्ये ठेवते: "म्हज्या चल्येक (माझ्या मुलीला) गंव, मैदो, रवो, हिंग चलना." गहू, मैदा, रवा, हिंग ही चारच नावे सांगितली की समोरच्याला समजते.

१०. फाईल ठेवा आणि तारखा पाळा

पोटाचा त्रास काही आठवड्यांत उतरतो. आतडे भरून यायला मुलांना महिने लागतात, मोठ्यांना कधी दोन वर्षे. सुरुवातीला दूधही पचत नाही, ते बहुतेकांचे पुढे जमते. टीटीजी पहिल्या वर्षी साधारण सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. सोबत हिमोग्लोबिन, लोह, ड जीवनसत्त्व, बी-१२, थायरॉइड. मोठ्या माणसांनी हाडांची घनता डॉक्टरांना विचारून तपासावी. आकडा उतरत नसेल तर मुलावर संशय घेऊ नका, डब्या उलट्या करून वाचा.

फाईलमध्ये मूळ अहवाल आणि बायोप्सीचा कागद कायमचे ठेवा, पुढे वसतिगृहाला, प्रवासाला, नोकरीला लागतील. मी त्यातच एक वही ठेवली आहे: तारीख, बाहेर काय खाल्ले, त्रास झाला का.

मुलगी आता नऊ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात मावशीकडच्या बारशाला मी आत बाळंतिणीपाशी होते, आणि ती एकटीच वाढपाच्या टेबलाशी गेली. लाडवाचे ताट पुढे आले तेव्हा तिने विचारले, "काका, बेसनाचा की रव्याचा?" तो म्हणाला, बेसनाचा. "आणि कढई?" तो आत जाऊन विचारून आला. कढईत आधी रवा भाजला होता. तिने केळे घेतले, आणि रात्री वहीत नोंद तिनेच केली.